गणपतीसाठी ठेवलेली रजा

मंगळवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या बाजूच्या एका सातमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शुभा कोचरेकर शिलाई मशीनवर बसली आहे. मशीनला मोटर आहे, पण सात वाजेपर्यंत ती मोटर लावत नाही. मोटरचा आवाज खालच्या घरात उतरतो आणि तिथे तान्हं मूल आहे. तोवर पायानेच. समोर पोपटी ब्लाऊज आहे. बाह्या जोडून झाल्या आहेत, गळा उलटायचा राहिला आहे. शेजारच्या खुर्चीवर आणखी काही रंगांची कापडं, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली.

नवरात्र दोन आठवड्यांवर आलं आहे. मुंबईच्या कचेऱ्यांमधून नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसतात. साडी कपाटात सापडते, नाहीतर बहिणीकडून आणता येते. ब्लाऊज असा मागून आणता येत नाही, तो दुसरीला होत नाही. त्यामुळे दरवर्षी या सुमारास शुभाकडे कापडाच्या पिशव्या येऊ लागतात.

तिचं वय सेहेचाळीस. ब्लाऊज हा तिचा व्यवसाय नाही, निदान कागदावर नाही. पावणेआठला ती मशीनवर कापड झाकते. आठ वीसला महामार्गावर कंपनीची बस येते. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत, माल पाठवण्याच्या विभागात, ती एकोणीस वर्षं कागदपत्रं करते. कोणत्या ट्रकमधून कोणता माल कुठे गेला याचं काही विचारायचं असलं की लोक आधी शुभाकडे येतात आणि मग संगणकाकडे जातात.

गिऱ्हाइकंही तिथलीच. कंपनीत तेवीस बायका आहेत आणि त्यातल्या एकोणीस जणी तिच्याकडून शिवून घेतात. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या फायलींच्या खोलीत, खोक्यांच्या थप्पीमागे ती मापं घेते. बायका घरून मापाचा ब्लाऊज आणतात, पण तिचा त्यावर विश्वास नसतो. दहा वर्षांपूर्वी जो छान बसायचा तोच मापाला आणतात, असं ती म्हणते. काखेत ती एक छोटा चौकोनी जोड घालते. जुने शिंपी त्याला चौबगला म्हणायचे, हल्ली कोणी घालत नाही, कारण त्यात वेळ जातो. त्या जोडामुळे हात वर केला तरी ब्लाऊज वर सरकत नाही. पॅकिंगमधल्या बायका दिवसभर हात वर करूनच काम करतात. त्यांनी हे एकमेकींना सांगितलं, त्यांनी आपल्या बहिणींना, जावांना, आणि आता कांदिवलीपासून दहिसरपर्यंतच्या बायका तिच्या फोनमध्ये आहेत. निम्म्यांना ती नाही म्हणते. वेळ नसतो.

दोन वर्षांपासून त्याच फोनमध्ये एक पत्र होतं. चार ओळींचा राजीनामा. त्यावरची तारीख तिने पाच वेळा बदलली. आधी गार्गीची, म्हणजे तिच्या मुलीची, बारावी होती. मग सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आलं. मग दिवाळी, मग मार्च अखेर. मग कारणच राहिलं नाही, तरी तारीख पुढे गेलीच.

ज्या दोघा-तिघांना तिने हे सांगितलं त्यांना वाटलं, प्रश्न पैशांचा आहे. तो नव्हता. हिशेब तिने मांडला होता आणि तो जमत होता. नवरा हर्षद मालाडच्या एका मॉलमध्ये देखभाल विभागात आहे. त्यानेही कागद बघून सांगितलं होतं, चालेल, सोड. शुभाला भीती वाटत होती ती घरी असण्याची.

ही भीती तिच्याकडे कुठून आली ते ती एका दमात सांगते. तिचे वडील धोंडू मेस्त्री कुर्ल्याच्या गिरणीत मागावर होते. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही, तेव्हा ती चार वर्षांची होती. घाटकोपरच्या भटवाडीत बावीस खोल्यांची चाळ होती, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात तिथे असणारा पुरुष फक्त एक, धोंडूमामा. रॉकेलच्या रांगेत चाळीचे सगळे डबे घेऊन तेच उभे राहत. कोणाचं मूल शाळेत पडलं की तेच धावत. घराबाहेर जाताना लोक चावी त्यांच्याकडे ठेवून जात. खोलीत दारामागे खिळा होता आणि त्याला अकरा घरांच्या चाव्या. परकराच्या नाड्या विणायचं एक छोटं हातमशीन त्यांनी आणलं होतं. सुताचं काम हाताला येत होतं, धंदा चालला असता. ते मशीनवर बसत आणि कोणीतरी हाक मारत असे. नाही म्हणायचा हक्क नोकरी करणाऱ्या माणसाला असतो, असं त्यांना वाटत असावं. दोन वर्षांनी मशीन विकलं. विणलेल्या नाड्या घरातच वापरून संपल्या.

शुभा एकोणिसाव्या वर्षी पहिल्या नोकरीला लागली. त्यानंतर कामाच्या दिवशी काही कारण नसताना ती घरी राहिलेली नाही. बाळंतपणाची रजाही तिने लवकर संपवली.

तर गेल्या मे महिन्यात तिने ठरवलं की आधी करून बघायचं. राजीनामा द्यायच्या आधी पंधरा दिवस घरी बसून फक्त शिवायचं. जमलं तर सोडायचं, नाही जमलं तर कोणाला कळायला नको. लग्नसराई होती, तीस ब्लाऊजांची कामं तिने घेतली. दोन-अडीच तासांत एक, दिवसाला दोन तरी सहज. आणि पंधरा दिवसांची हक्काची रजा टाकली.

इथे तिने काय केलं ते कोकणातल्या माणसालाच नीट कळेल. कंपनी वर्षाला अठरा हक्काच्या रजा देते. त्यातल्या पंधरा कोचरेकरांच्या घरी जानेवारीतच गणपतीच्या नावाने बाजूला पडतात. मालवणकडे गावी घर आहे, घरात गणपती आहे, शुभा थोरली सून आहे, नैवेद्य तिच्या हातचा असतो. एकोणीस वर्षांत ती रजा तिने ताप आला म्हणूनही मोडली नव्हती. यंदा ती मेमध्ये काढली आणि घरी सांगितलं, मागची साठलेली रजा आहे, घेतली नाही तर वाया जाईल.

आणि तिने ‘रजा’ हा शब्द वापरला. तालीम आहे, काम आहे, असं सांगितलं नाही.

पहिल्या सोमवारी ती नऊ वाजता मशीनवर बसली. सव्वानऊला सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, विचारलं की आज तू आहेस तर दुपारी वड्या करूया का. साडेनऊला गॅसवाला आला. दहाला सोसायटीची एक बाई टाकी धुण्याच्या कागदावर सही घ्यायला आली आणि बसली. गार्गीने कॉलेजातून फोन केला, टेबलावरच्या कागदाचा फोटो पाठव. हर्षदची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, तो अकराला जेवला आणि म्हणाला, आहेसच तर माझी चप्पल शिवायला टाक ना. शेजारच्या विंगमधल्या लताची पार्सलं आली, एक सकाळी, दोन दुपारी. शुभाच्या हातात शिंप्याचा खडू होता. ती प्रत्येक वेळी उठताना टेबलाच्या कडेवर एक रेघ ओढू लागली. संध्याकाळी मोजल्या. सत्तावीस.

त्यातली एकही हाक अवाजवी नव्हती. कोणी तिला छळत नव्हतं. रुक्मिणीबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर आहे, त्यांना डोळ्यांत थेंब घालायला माणूस लागतं. लताची पार्सलं एरवी वॉचमनकडे पडून भिजतात. प्रत्येक काम पाच मिनिटांचं, फार तर वीस. दुसऱ्या आठवड्यात नणंदेने आपली मुलगी दोन दिवस ठेवून घ्यायला सांगितली, मामी घरी आहे म्हणून. शुभा हो म्हणाली. नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवसांत नऊ ब्लाऊज झाले. एरवी, नोकरी सांभाळून, पहाटेच्या अडीच तासांत आणि रविवारी, ती तेवढ्याच दिवसांत बारा शिवते.

कंपनीतल्या माधुरीच्या भाचीचा साखरपुडा होता, तिचा ब्लाऊज वेळेत गेला नाही. माधुरी तिच्या समोरच्या टेबलावर बसते. ती रागावली नाही. तिने एवढंच सांगितलं की तू कामावर असताना कधी चुकली नाहीस, आणि सुट्टी घेऊन चुकलीस, कमाल आहे.

सोळाव्या दिवशी शुभा आपल्या टेबलावर जाऊन बसली. ट्रकचे नंबर, खोक्यांची संख्या, शिक्के. दुपारपर्यंत कोणी तिला हाक मारली नाही, आणि मारली ती कामासाठी. तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याने ती जास्त घाबरली. नोकरी ही तिला अडकवणारी गोष्ट होती, आणि नोकरी हीच एकमेव जागा होती जिथे घर पोचत नव्हतं. पत्रावरची तारीख तिने या वेळी बदलली नाही, काढूनच टाकली.

जूनमध्ये हर्षदने गावच्या गाडीची तिकिटं काढली. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि दोन-तीन मिनिटांत संपतं. तो दोन फोन घेऊन बसला होता. शुभा चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिचं नाव, वय, खालचा बर्थ, हे सगळं त्याने भरताना तिने पाहिलं. चारही कन्फर्म झाली. तो खूश होता.

त्याच महिन्यात एका रविवारी लता आपलं पार्सल न्यायला आली. लता मालाडच्या एका रक्ततपासणीच्या केंद्रात काउंटरवर असते. सकाळी नऊला जाते, सातला परतते. नवरा नाही, मुलगा ओजस बंगळुरूला. शुभाने तिला मे महिन्याचं सगळं सांगितलं, सत्तावीस रेघांसकट, कारण त्यातल्या तीन तिच्या होत्या.

“मला काय स्वप्न पडणार का तू काम करत होतीस ते?” लता म्हणाली. “बेल वाजली की तू हजर. मला वाटलं बाई कंटाळलीय घरात.”

“मग काय करणार? दार नको उघडू?”

“नको उघडूस.”

“मी नाही उघडलं तर आई आतून ओरडतात, शुभा, बघ गं कोण आलंय.”

लता हसली. “असं कर, माझ्या घरी जाऊन बस. तिथे दिवसभर एक पाल असते. ती काय चहा मागत नाही.”

ती गंमत करत होती. शुभाने दोन दिवसांनी तिच्याकडून चावी मागून घेतली. लताकडे लग्नात मिळालेलं एक शिलाई मशीन होतं. वीस वर्षं त्याच्यावर झाडाची कुंडी होती. शुभाने कुंडी खाली ठेवली, मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला.

जुलैत तिने उरलेल्या तीन हक्काच्या आणि दोन किरकोळ अशा पाच रजा टाकल्या, सोमवार ते शुक्रवार. या वेळी घरी काहीच सांगितलं नाही. रोजच्यासारखी ती आठ वाजता निघाली. कंपनीत नेसते तशी साडी, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. मोठ्या फाटकाने बाहेर पडायची, इमारतीला वळसा घालून मागच्या फाटकाने दुसऱ्या विंगमध्ये शिरायची. साडेआठ ते साडेपाच लताच्या हॉलमध्ये शिवायची. ओळखपत्र तिने दिवसभर गळ्यातून काढलं नाही. त्याचं कारण तिला विचारलं तर ती म्हणते, लक्षात नाही राहिलं.

लताच्या खिडकीतून तिला स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. बुधवारी गॅसवाला आला. रुक्मिणीबाई उठल्या, त्यांनी सिलिंडर आत घेतला, पैसे दिले, पुस्तकावर नोंद करून घेतली. डोळ्यांत थेंबही त्यांचे त्यांनी घातले. मान मागे टाकून, खिडकीतल्या उजेडात. शुभाने दोऱ्याचं रीळ बदललं आणि पुढच्या बाहीला हात घातला.

शुक्रवारी संध्याकाळी पंधरा ब्लाऊज तयार होते.

म्हणजे जमत होतं. शनिवार-रविवारात तिने मनाशी सगळं बसवलं. सोमवारी राजीनामा द्यायचा, महिनाभराची नोटीस, ऑगस्टच्या विशीच्या आत सुटका, चोविसाव्या तारखेची गाडी. रजेचा प्रश्नच उरत नाही. रजा खाल्ली हे कोणाला कळणारही नाही. हा हिशेब तिच्या डोक्यात जूनपासून असणार, नाहीतर उरलेल्या पाच रजाही तिने घालवल्या नसत्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने नेमणुकीचं पत्र काढून पाहिलं. त्यात तीस दिवसच होते. पण मागे एक परिपत्रक जोडलेलं होतं, तीन वर्षांपूर्वीचं. नोटिशीची मुदत साठ दिवस, आणि त्या काळात रजा मिळणार नाही. खाली तिची सही होती. आपल्या विभागातल्या अकरा जणांच्या सह्याही त्या वेळी तिनेच फिरून घेतल्या होत्या.

तिने पत्र परत ठेवलं. राजीनामा दिला तरी गणपतीला जाता येत नव्हतं, न दिला तरी जाता येत नव्हतं. बिनपगारी रजा मागून पाहिली. दिवाळीआधी माल जोरात जातो, साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. पुढचे चार आठवडे ती नेहमीसारखी वागली. पहाटे शिवलं, बस पकडली, रात्रीची भांडी आवरली. गावी न्यायच्या सामानाची यादी फ्रिजवर लागली, त्यात तिच्याच अक्षरात वाढ होत गेली.

गाडीच्या आधीच्या रविवारी हर्षदने माळ्यावरून बॅगा काढल्या. परतीच्या दिवशी त्याची पाळी लागत होती, म्हणून त्याने विचारलं, तुझी रजा नक्की कितीपर्यंत मंजूर आहे.

“मी येत नाहीये,” शुभा म्हणाली.

“म्हणजे?”

“रजा नाहीत.”

“नाहीत म्हणजे? अठरा असतात.”

“पंधरा मेमध्ये घेतल्या.”

“मेमध्ये तू घरी होतीस.”

“तेच.”

मग तिने सगळं सांगितलं. मेची तालीम, टेबलावरच्या रेघा, लताचं घर, परिपत्रक. हर्षद बॅगेवर बसून ऐकत होता. गार्गी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि परत आत गेली. मेमधल्या रजेचं हर्षदने सोडून दिलं. जुलैचं त्याला सोसलं नाही.

“पाच दिवस डबा घेऊन गेलीस,” तो म्हणाला. “मी रोज विचारलं, बस मिळाली? तू म्हणालीस, मिळाली. अगं, शंभर पावलांवर बसली होतीस यार. हे घर काय तुला खायला उठलं होतं?”

“घरात मला कोणी बसू देत नाही.”

“कोण उठवतं तुला? नाव सांग.”

“तू. आई. गार्गी. लता. आणि मी स्वतः. कोणी अर्धी हाक मारली तरी उठते रे मी. मारली नाही तरी कान तिकडेच असतो.”

“मग आम्हाला सांगायचंस की काम करतेय, हाक मारू नका.”

“सांगितलं असतं तर दोन दिवस पाळलं असतंत.”

ते खरं होतं. रुक्मिणीबाई पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या.

“गणपतीची रजा शिवणाक घातलंस,” त्या म्हणाल्या. “आणि घरात बायलमाणूस असताना हाक मारूची नाय तर कोणाक मारूची? माका कोणी कधी रजा दिल्यानी?”

रुक्मिणीबाई पंचावन्न वर्षं घरी आहेत. गावाहून आलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक आजारी, प्रत्येक बाळंतीण त्यांच्याकडे उतरलेली आहे. त्या दिवशी घरात कामापुरतंच बोलणं झालं. हर्षदने तिचं तिकीट रद्द केलं आणि ते झाल्याचं मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरताना, रुक्मिणीबाई ओट्यापाशी आल्या. त्यांनी आधी नैवेद्याचं विचारलं. उकड काढताना पाणी किती घ्यायचं ते गार्गीला लिहून दे म्हणाल्या. मग त्याच सुरात पुढे म्हणाल्या, “नोकरी सोडलंस तर तू लताकडेच जा. हय बसलंस तर मी हाक मारतलंय. माझी सवय माका म्हायत आसा.”

शुभाने डब्याचं झाकण लावलं आणि हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं. पण दोन वर्षांत या विषयावर कोणी तिच्याशी खोटा धीर न देता बोललं असेल तर ते हेच, असं तिला वाटलं. शुक्रवारी, ऑगस्टच्या बाविसाव्या तारखेला, तिने राजीनामा दिला.

मनुष्यबळ विभागातला चंद्रप्रकाश तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. त्याने संगणकावर फॉर्म उघडला. सोडण्याचं कारण या रकान्यात यादी असते: दुसरी नोकरी, शिक्षण, लग्न, कौटुंबिक कारण, प्रकृती, इतर. त्याने तिला न विचारता ‘कौटुंबिक कारण’ निवडलं. बायकांचं बहुतेक तेच असतं, असं त्याने नंतर सांगितलं. शुभाने ते बदलायला लावलं. काय लिहू, त्याने विचारलं. स्वतःचं काम, ती म्हणाली. ते यादीत नव्हतं. त्याने ‘इतर’ निवडलं आणि म्हणाला, मॅडम, घर बैठके बोर हो जाओगे. मग त्याने नियम सांगितला की तीस दिवसांच्या आत राजीनामा मागे घेता येतो, साधा मेल पुरतो. ती तारीख शुभाने कुठे लिहून ठेवलेली नाही. विचारलं तर ती लगेच सांगते: वीस सप्टेंबर, शनिवार.

रविवारी बाकीचे तिघे गावी गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच ती या घरात एकटी राहिली, दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ शिवायला मोकळी होती. कोणी हाक मारणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती तरीही उठते आहे. दाराशी जाऊन यायची, गॅस बघायची, आतल्या खोलीत डोकावून यायची. तिने पुन्हा खडू घेतला. संध्याकाळच्या दोन तासांत आठ रेघा झाल्या. हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही, लतालाही नाही.

गावाहून गार्गीने नैवेद्याच्या ताटाचा फोटो पाठवला. मोदकांच्या कळ्या जाड होत्या, दोन फुटले होते. रुक्मिणीबाईंनी फोनवर गोड झालेत एवढंच सांगितलं. हर्षद परत आल्यापासून बोलतो, पण बस मिळाली का, असं आता विचारत नाही.

कंपनीत बातमी पसरली तेव्हा बायकांनी आधी एकच विचारलं: मापं कुठे द्यायची? माधुरीने सुचवलं की सगळ्यांची मापं शेवटच्या दिवसाआधी घेऊन ठेव. शुभाने वही केली आहे. एकोणिसातल्या किती जणी अंधेरीहून बोरिवलीला पिशवी घेऊन येतील, तिला सांगता येत नाही. लताचं घरही कायमचं नाही. ओजसचं लग्न ठरतं आहे, त्यानंतर तो मुंबईत बदली मागणार आहे. मग काय, असं इतर कोणी विचारलं तर ती म्हणते, बघू. लताने विचारलं तेव्हा म्हणाली, तेव्हा वाट लागेल.

भीती गेली का, असं तिला थेट विचारलं तर ती मान हलवते. नाही गेली. फक्त तारीख पडली आहे.

पावणेआठ झाले. पोपटी ब्लाऊजला हूक लावून झाले आहेत, तो तिने घडी करून पिशवीत ठेवला. हॉलमधून रुक्मिणीबाईंनी हाक मारली आहे आणि ती उठली आहे.

उद्या बुधवार, नोटिशीचा विसावा दिवस. तिच्या जागेवर श्वेता नावाची मुलगी नेमली आहे, ती एक तारखेला रुजू झाली. उद्या सकाळी अकरा ते साडेबारा, शुभा तिला ट्रकमधल्या मालासोबत लागणारं, पण चुकीचं निघालेलं ई-वे बिल चोवीस तासांच्या आत रद्द कसं करायचं ते शिकवणार आहे.